सेलिंग क्लबातलं कोस्टल रोइंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धक्क्यावर उभं राहून चार जणांची वल्ह्यांची बोट जाताना पाहिली आणि ‘आपल्याला जमेल का?’ असं ज्यांच्या मनात आलं, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आपल्या क्लबात रोइंग सुरू करावं का, यावर खल करणाऱ्या समितीच्या मंडळींनाही यातली काही उत्तरं कामाची वाटतील.

कोस्टल रोइंग म्हणजे नेमकं काय? ऑलिंपिकमध्ये दिसतं तेच का?

नाही. ऑलिंपिकमध्ये आजवर आपण पाहिलं ते सपाट पाण्यावरचं रोइंग. त्यातली एकट्याची बोट साधारण आठ मीटर लांब, जेमतेम माणूस मावेल इतकी अरुंद आणि कमीत कमी 14 किलो वजनाची असते. थोडी लाट आली तरी ती डुचमळते. समुद्रासाठीची एकट्याची बोट याच्या उलट बांधतात. जागतिक रोइंग महासंघाच्या नियमांप्रमाणे ती सहा मीटरपेक्षा लांब नसावी आणि 35 किलोपेक्षा हलकी नसावी. ती आखूड, रुंद आणि जड असते, म्हणून लाटेवर टिकते.

याशिवाय पारंपरिक धाटणीच्या बोटी आहेत. त्यांत बसायची फळी पक्की असते, सरकती बैठक नसते. प्रत्येकाच्या हातात एकच लांब वल्हं असतं आणि मागे सुकाणू धरून कॉक्स बसतो. ‘सामुदायिक रोइंग’ म्हणतात ते बहुतेक वेळा याच बोटींवर चालतं, आणि या पानावरचा भरही त्यांच्यावरच आहे.

या बोटी कोणकोणत्या?

सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव सेंट एल्स स्किफ. स्कॉटलंडमधल्या अँस्ट्रुथरच्या मत्स्यव्यवसाय संग्रहालयाने 2009 मध्ये इयन ऑट्रेड या आरेखनकाराकडून तिचा आराखडा करून घेतला. लांबी सुमारे 6.7 मीटर, रुंदी सुमारे 1.7 मीटर, चार वल्हेकरी आणि एक कॉक्स. प्लायवूडच्या फळ्या आधीच कापून संचाच्या रूपात मिळाव्यात आणि गावकऱ्यांनी मिळून बोट जोडावी, हा त्यामागचा विचार. किनाऱ्यावरच्या छोट्या गावांत होडी बांधण्याची आणि वल्हवण्याची कला मागे पडत चालली होती, ती अशा रीतीने पुन्हा माणसांच्या हाती आली. पुढे हा आराखडा इतर अनेक देशांतही पोचला.

दुसरी, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची कॉर्निश पायलट गिग. लांबी 32 फूट, सहा वल्हेकरी, एल्म लाकडाच्या पातळ फळ्या. जहाजांना बंदरात आणणाऱ्या वाटाड्याला जहाजापर्यंत नेणं हे तिचं मूळ काम. जो आधी पोचेल त्याला काम मिळायचं, म्हणून ती वेगवान. 1838 मध्ये बांधलेल्या ‘ट्रेफ्री’ या गिगवरून आजच्या गिगची मापं ठरलेली आहेत. कॉर्नवॉलजवळच्या सिली बेटांवर 1990 पासून या बोटींची जागतिक स्पर्धा भरते.

तिसरा प्रकार फायबरच्या, सरकत्या बैठकीच्या आधुनिक बोटींचा: एकट्याची, दोघांची आणि चौघे अधिक कॉक्स अशी. ज्यांना वेगाची आणि स्पर्धेची ओढ आहे त्यांनी जरूर त्यांच्याकडे वळावं. मात्र नवख्यांना घेऊन गट उभा करायचा असेल, तर पक्क्या फळीची, कॉक्स असलेली बोटच घ्या, असं माझं ठाम मत आहे. तिच्यात चार अनुभवींमध्ये एक अगदी नवा माणूस सहज सामावतो.

मी कधीच वल्हं धरलेलं नाही. चालेल का?

चालेल. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण असेच असतात.

वय, वजन, ताकद यांचं काय?

पक्क्या फळीच्या बोटींत सत्तरी ओलांडलेली माणसं नियमाने वल्हवतात. स्नायूंच्या जोरापेक्षा चौघांचा ताल जुळणं जास्त महत्त्वाचं आहे. तालात नसलेला दणकट माणूस बोट अडवतो आणि तालात असलेला किरकोळ अंगकाठीचा माणूस ती पुढे नेतो, हे पहिल्या महिन्यातच दिसून येतं. दिसत नसलेली माणसंही छान वल्हवतात, कारण ताल कानाने आणि फळीतून जाणवणाऱ्या हालचालीने पकडता येतो. ऐकू येत नसलेल्यांनी पुढच्याच्या पाठीकडे लक्ष ठेवायचं आणि कॉक्सबरोबर हाताच्या खुणा आधी ठरवून घ्यायच्या.

हृदयविकार, फिट्स, पाठीचं जुनं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि निघण्यापूर्वी कॉक्सला सांगा. सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही. कॉक्सला माहीत असलं की पुरे.

पोहता यायलाच हवं का?

पोहता आलेलं चांगलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कपड्यांसकट, तरंगणारं जाकीट घालून पाण्यात पडल्यावर न घाबरता तरंगता येणं. अनेक क्लब याचीच चाचणी घेतात. पोहता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. शांत दिवशी, किनाऱ्याजवळ, अनुभवी गटात तुम्हाला बसवता येतं. ही गोष्ट लपवणाऱ्या माणसाला मात्र कुठलाही कॉक्स बोटीत घेणार नाही.

रोइंगसाठी सेलिंग क्लबच का? वेगळा क्लब काढला तर?

काढता येतो. पण जे जे लागतं ते बहुतेक सगळं सेलिंग क्लबात आधीच असतं: पाण्यात उतरायचा उतार, बोट ठेवायला जागा, कपडे बदलायच्या खोल्या, मदतीची मोटरबोट, रेडिओ, आणि भरती-ओहोटी व वारा वर्षानुवर्षं वाचलेली माणसं. शेवटची गोष्ट तर पैसे देऊनही मिळत नाही. कुठल्या खडकावर ओहोटीत पाणी किती राहतं, कुठल्या टोकापाशी वारा अचानक वळतो, हे त्या पाण्यावर वाढलेला माणूसच सांगू शकतो.

उलट्या बाजूनेही फायदा आहे. वारा पडला की शिडाच्या बोटी किनाऱ्यावर बसून राहतात. नेमका तोच दिवस वल्ह्यांसाठी उत्तम. म्हणजे क्लब जास्त दिवस जागता राहतो. स्वतःची बोट घेणं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीही दार उघडतं, कारण रोइंगची बोट सामाईक असते, माणसाने फक्त यायचं असतं. जोडीदारापैकी एक शर्यतीला गेला की दुसरा नुसता वाट बघत बसायचा, तोही आता पाण्यावर जातो.

कुरबुरी होतात त्या उताराच्या जागेवरून. शर्यतीच्या दिवशी शिडाच्या बोटी उतरवायच्या वेळीच रोइंगचा गट तिथे आपली ट्रॉली आडवी लावून उभा राहिला, तर वर्षभर टिकेल अशी कटुता येते. वेळा आधी ठरवा, फलकावर लिहा आणि ट्रॉली लगेच बाजूला घ्या. रोइंगचा एक प्रतिनिधी क्लबाच्या समितीत असलाच पाहिजे. ‘तुम्ही’ आणि ‘ते’ अशी भाषा सुरू झाल्यावर ती थांबवणं फार अवघड जातं.

पहिल्या दिवशी काय होतं?

आधी जाकीट. कॉक्स स्वतः पट्टे ओढून बघतो. खांद्याला धरून वर ओढल्यावर जाकीट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मग बोट ट्रॉलीवरून पाण्यात. अशी बोट सुमारे दीडशे किलोची असते, तेव्हा कंबरेत वाकून उचलायला जाऊ नका, सांगितल्याशिवाय हात लावू नका आणि ट्रॉलीच्या खालच्या बाजूला उभे राहू नका.

बोटीत चढताना मधोमध पाय ठेवायचा, खाली वाकायचं आणि एका वेळी एकानेच हलायचं. पायटेकूचं अंतर जुळवून घ्यायचं: पाय टेकल्यावर गुडघे किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. नव्या माणसाला बहुधा मधल्या जागेवर बसवतात, म्हणजे समोर बघायला एक पाठ असते. सर्वांत मागे, कॉक्सच्या समोर बसतो तो स्ट्रोक. ताल तो देतो. सर्वांत पुढे, नाळेजवळ बसणाऱ्याला बो म्हणतात. धक्क्याला लागताना दोर सांभाळणं त्याच्याकडे असतं.

सगळे वल्हेकरी मागे तोंड करून बसतात, त्यामुळे तुमचा उजवा हात बोटीच्या डाव्या बाजूला येतो. पहिल्या दिवशी सगळेच यात गोंधळतात. म्हणून आज्ञा देताना डावं-उजवं न म्हणता जागेचे क्रमांक घेतात: ‘दोन आणि चार, ओढा’. आज्ञा मोजक्याच असतात, पण ‘थांबा’ म्हटलं की मनात प्रश्न न आणता थांबायचं.

वल्हं नेमकं कसं ओढायचं?

नवा माणूस हातांनी ओढतो आणि पंधरा मिनिटांत दमतो. हात शेवटी येतात. हात सरळ ठेवून कंबरेतून पुढे झुका, पातं पाण्यात टाका, आणि मग पायांनी पायटेकू दाबत पाठ मागे न्या. पाठ उभ्या रेषेच्या जरा मागे गेली की हात वाकवून मूठ छातीच्या खालच्या बाजूला आणा. मूठ किंचित खाली दाबली की पातं पाण्याबाहेर येतं. परत पुढे जाताना घाई नको. ओढताना जोर लावायचा आणि परतताना श्वास घ्यायचा.

पातं किती खोल जावं? नुसतं झाकलं जाईल इतकंच. जास्त खोल गेलं की बोटीचा वेग ते पातं मागे रेटतो आणि मूठ तुमच्या पोटात येते. असं झालं तर वल्ह्याशी झटापट करू नका. मागे झुका, मूठ डोक्यावरून जाऊ द्या, कॉक्स बोट थांबवेल. हे सगळ्यांचं होतं आणि लाटेत अनुभवींचंही होतं.

पकड हलकी ठेवा. बोटं नुसती आकड्यासारखी अडकवलेली असली तरी भागतं. मूठ आवळून धरणाऱ्याच्या हाताला पहिल्याच दिवशी फोड येतात. हातमोज्यांनी फोड थांबत नाहीत, कधीकधी वाढतात. कातडी घट्ट व्हायला थोडे आठवडे जावे लागतात.

आणि नजर बोटीच्या आत, पुढच्याच्या पाठीवर. स्वतःच्या पात्याकडे बघत बसलात की खांदा वळतो आणि ताल सुटतो.

कॉक्स नुसता बसून असतो ना?

अजिबात नाही, आणि या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच. बोटीत पुढे बघणारे डोळे फक्त त्याचे असतात. समुद्रावरचे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 चे. त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक बोटीने सतत डोळ्यांनी आणि कानांनी लक्ष ठेवलं पाहिजे. चार वल्हेकऱ्यांच्या बोटीत हा नियम पाळणं म्हणजे कॉक्सने तो पाळणं.

दिशा ठेवणं, लाट कशी घ्यायची ते ठरवणं, मागून येणाऱ्या मोटरबोटीची लाट आधी ओळखून सांगणं, कोण दमलंय हे चेहऱ्यावरून ओळखणं, नव्या माणसाला न ओरडता सुधारणं, रेडिओ सांभाळणं, एवढं सगळं त्याला एकाच वेळी करायचं असतं. वल्हेकरी घामाने निथळत असताना तो मात्र गारठत असतो, म्हणून त्याला सगळ्यांपेक्षा एक कपडा जास्त लागतो.

सामुदायिक रोइंगचे गट मोडतात ते बहुधा कॉक्स कमी पडल्यामुळे. वल्हवायला माणसं रांगेत उभी असतात आणि सुकाणू धरायला तीच दोघं. ती दोघं कंटाळली की बोट शेडमध्ये पडून राहते. म्हणून थोडा अनुभव आलेल्या प्रत्येकाला, शांत दिवशी आणि शेजारी जाणता माणूस बसवून, सुकाणू हातात द्या. ‘मला नको, मला व्यायाम हवा’ असं म्हणणाऱ्यांनाही द्या. कॉक्सच्या जागेवर बसून आलेला माणूस नंतर वल्हवतोही चांगलं, कारण ताल कुठे तुटतो हे त्याने समोरून पाहिलेलं असतं.

समुद्रावर जायचं की नाही हे कोण ठरवतं?

कॉक्स ठरवतो. त्याचा ‘नको’ हा अंतिम असतो आणि त्यावर कुणी हुज्जत घालायची नसते. ‘चला’ म्हटल्यावर मात्र कुणाही वल्हेकऱ्याला ‘मला आज बरं वाटत नाही’ म्हणून उतरता आलं पाहिजे, कारण न सांगता.

वाऱ्याचं माप ब्यूफर्ट श्रेणीत सांगतात. श्रेणी 3 म्हणजे 7 ते 10 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). लाटांचे माथे नुकते फुटू लागतात. श्रेणी 4 म्हणजे 11 ते 16 नॉट, ताशी साधारण 20 ते 28 किलोमीटर. पांढरा फेस जागोजागी दिसतो. नवख्यांचा गट असेल तर फेस जागोजागी दिसू लागला की मी बोट बाहेर काढू देणार नाही. अनुभवी गटाची मर्यादा वेगळी असेल, पण ती लिहून ठेवलेली असावी. धक्क्यावर, सगळे तयार होऊन उभे असताना मर्यादा ठरवायला गेलं की ती हमखास ताणली जाते.

वाऱ्याची दिशा तितकीच महत्त्वाची. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सर्वांत फसवा. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं, कारण लाट उठायला वाऱ्याला अंतरच मिळालेलं नसतं. बाहेर जाताना बोट आपोआप पळते आणि परतताना प्रत्येक ओढ वाऱ्याविरुद्ध करावी लागते. खारा वारा साधारणपणे दुपारी जोर धरतो, कारण तोवर जमीन समुद्रापेक्षा जास्त तापलेली असते. म्हणून सकाळची वेळ बहुतेक ठिकाणी शांत.

आता प्रवाह. अशी बोट आरामात चालली तर साधारण 4 नॉट वेगाने जाते. 2 नॉटचा प्रवाह सोबत असेल तर अर्ध्या तासात 3 सागरी मैल सहज कापले जातात. तेच 3 मैल परत यायला, प्रवाह तसाच राहिला तर, दीड तास लागतो, आणि तोवर माणसं दमलेली असतात. यावरून एक नियम निघतो: जाताना प्रवाहाविरुद्ध जा, येताना प्रवाहासोबत या.

पाणी सर्वांत जोरात धावतं ते भरतीच्या किंवा ओहोटीच्या मधल्या दोन तासांत. ढोबळ हिशेब असा: सहा तासांत पाणी जेवढं चढतं किंवा उतरतं, त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात हा सगळा फरक मोठा असतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगात कमी. वारा एका दिशेने आणि प्रवाह त्याच्या विरुद्ध असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेव्हा साध्या वाऱ्यातही टोकापाशी किंवा खाडीच्या मुखाशी पाणी अवघड होतं.

धक्क्यापर्यंत येऊन, कपडे घालून, न जाता परत फिरणं हा वाया गेलेला दिवस मानू नका. त्या दिवशी गाठी शिकवा, दोर फेकायचा सराव करा, वल्ह्यांना तेल लावा.

समुद्र लागला, म्हणजे मळमळू लागलं, तर?

वल्हवताना सहसा लागत नाही, बोट थांबली की लागतो. क्षितिजाकडे बघा आणि कॉक्सला लवकर सांगा.

बोट उलटते का? आणि मी पाण्यात पडलो तर?

रुंद बोट सहजासहजी उलटत नाही. जास्त शक्यता असते ती कडेवरून पाणी आत येऊन बोट भरण्याची, विशेषतः फुटणाऱ्या लाटेत. म्हणून पाणी उपसायला बादली किंवा डबा बोटीला दोरीने बांधलेला असावा. सुटा डबा नेमका नको तेव्हा वाहून जातो. बोटीत हवाबंद कप्पे किंवा पिशव्या असतील तर भरलेली बोटही तरंगते. काहीही झालं तरी बोट सोडू नका. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेला माणूस पाण्यात दिसेनासा होतो. बोट मात्र लांबून दिसते.

पाणी थंड असेल, म्हणजे साधारण 15 अंश सेल्सिअसच्या खाली, तर पहिला धोका गारठ्याचा नाही, श्वासाचा आहे. अंगाला थंड पाणी लागताच माणूस हिसका देऊन श्वास ओढतो आणि धापा टाकू लागतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. म्हणून पहिला मिनिटभर पोहायचं नाही. पाठीवर तरंगत श्वास ताब्यात येऊ द्यायचा. लक्षात ठेवायला एक-दहा-एक हा आकडा वापरतात: श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतील अशी सुमारे दहा मिनिटं, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण एक तास. हे सगळं जाकीट अंगात असेल तरच. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे हवा उबदार आहे एवढ्यावर जाऊ नका.

रेडिओ कॉक्सच्या अंगावर हवा, पिशवीत नको. मदतीसाठी व्हीएचएफ या समुद्री रेडिओचा चॅनेल 16. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा: किती जण, कुठे, किती वाजता परत. आल्यावर त्यालाच सांगा.

काय घालायचं?

सुती कपडे टाळा, ते ओले राहतात. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, बंद बूट, टोपी आणि पाण्याची बाटली. खिशात काही टोचेल असं नको, अंगठी काढून ठेवा.

समोरून शिडाची बोट आली तर वाट कुणी द्यायची?

टक्कर टाळण्याच्या त्याच आंतरराष्ट्रीय नियमांपैकी, कुणी कुणाला वाट द्यायची हे सांगणाऱ्या अठराव्या नियमात यंत्राची, शिडाची, मासेमारीची बोट येते; वल्ह्यांच्या बोटीचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे हक्काची भाषा करू नका. शर्यत चालू असेल तर रेषेच्या आणि बोयांच्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) आसपास फिरकूच नका. वळायचं तर लवकर आणि ठळक वळा, म्हणजे समोरच्याला तुमचा इरादा कळेल. अरुंद मार्गात उजव्या कडेने चला आणि मोठ्या जहाजाच्या वाटेत येऊ नका. ते ना वळू शकतं ना थांबू शकतं. अंधार पडल्यावर वल्ह्यांच्या बोटीत निदान एक पांढरा दिवा किंवा टॉर्च हाताशी असणं नियमाने आवश्यक आहे.

शर्यतीत उतरावंच लागतं का?

मुळीच नाही. कित्येक जण वर्षानुवर्षं फक्त खाडीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. आवड असलेल्यांना मात्र वाव भरपूर आहे. समुद्रातल्या बोटींची जागतिक स्पर्धा 2000 च्या दशकापासून भरते, आणि वाळूवरून धावत बोटीत उडी घ्यायची, बोयांमधून नागमोडी जाऊन परत यायचं आणि पुन्हा धावायचं, हा बीच स्प्रिंटचा प्रकार 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येतो आहे. फक्त शर्यतीच्या गटाने क्लबाची एकमेव बोट प्रत्येक रविवारी अडवून ठेवू नये. नव्यांची वेळ आधी राखून ठेवा.

क्लबाने बोट विकत घ्यावी की बांधावी?

जागा आणि चिकाटी असेल तर बांधा. काही महिने लागतात, पण त्या काळात कधीच बोटीत न बसणारी माणसंही येतात: कुणी सुतारकाम जाणणारं, कुणी नुसतं पॉलिश पेपर घासणारं. बोट पाण्यात उतरते तेव्हा तिच्याभोवती गट तयारच असतो. घाई असेल तर जुनी फायबरची बोट घ्या. दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी ट्रॉली, जाकिटं, रेडिओ, विमा आणि कॉक्सचं प्रशिक्षण यांचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

माझा गट नाही, एकटाच येईन. जागा मिळेल?

मिळेल. नावनोंदणीच्या यादीत आदल्या दिवशीपर्यंत नाव टाका. आणि नाव टाकलं की या. चारांपैकी एक ऐनवेळी गळाला तर उरलेल्या तिघांची आणि कॉक्सचीही सकाळ जाते. येणं जमणार नसेल तर रात्रीच कळवा, बदली माणूस शोधता येतो.

परत आल्यावर लगेच निघता येतं का?

बोट जागेवर जाईपर्यंत नाही. गोड्या पाण्याने बोट धुवायची, तळाचं बूच काढून पाणी निथळू द्यायचं, वल्ह्याच्या खुंट्या आणि सुकाणूचे बिजागर बघायचे, जाकिटं हवेशीर टांगायची. काही तडकलं-सैल झालं असेल तर वहीत लिहायचं, म्हणजे पुढच्या गटाला निघण्याआधी कळेल. पाच जण असले की वीस मिनिटांचं काम आहे. बूच परत लावायचं ते मात्र पुढच्या वेळी बोट उतरवणाऱ्या कॉक्सने, स्वतःच्या हाताने.